एका वर्गात बसले म्हणजे एकत्र शिकले असं नाही: आरोग्य क्षेत्रातल्या संयुक्त प्रशिक्षणात या चुका टाळा

मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपीचे दीडशे विद्यार्थी एका सभागृहात बसवायचे, रुग्णसुरक्षेवर दोन तासांचं व्याख्यान द्यायचं, हजेरी घ्यायची आणि अहवालात लिहायचं की आंतरव्यावसायिक प्रशिक्षण पार पडलं. हा प्रकार इतका रूढ झाला आहे की त्यात काही चुकतंय हेच अनेक आयोजकांच्या लक्षात येत नाही. मेडिकलचे विद्यार्थी मेडिकलच्याच मित्रांशेजारी बसतात, नर्सिंगचे विद्यार्थी मागच्या रांगा धरतात, फार्मसीवाले दाराजवळ. बाहेर पडताना कुणालाच दुसऱ्याच्या कामाबद्दल आदल्या दिवशीपेक्षा जास्त काही कळलेलं नसतं.

ब्रिटनमध्ये 1987 साली ‘केप’ ही संस्था आंतरव्यावसायिक शिक्षणासाठीच सुरू झाली. तिची 2002 ची व्याख्या आज जगभर वापरली जाते: दोन किंवा अधिक व्यवसायांचे लोक एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात, आणि तेही सहकार्य व रुग्णसेवेचा दर्जा सुधारण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या कृती-आराखड्यातही याच तीन गोष्टी आहेत. सभागृहातल्या व्याख्यानात यातली पहिली गोष्ट जेमतेम होते. उरलेल्या दोन होतच नाहीत. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

एकट्याने सुटणारी केस देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त थांबूया.

व्याख्यानाऐवजी गटचर्चा ठेवली की आयोजकांना वाटतं, आता प्रश्न सुटला. गटाला केस मिळते: छातीत दुखणारा रुग्ण, सोबत ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट, निदान काय? मेडिकलचा विद्यार्थी दोन मिनिटांत उत्तर देतो आणि बाकीचे माना डोलावतात. मग सत्र घेणारे नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडे वळून विचारतात, “तुम्हाला काय वाटतं?” तिला काही वाटायला त्या प्रश्नात जागाच नसते. तिला बोलतं करण्याच्या या प्रयत्नाने ती आणखी अवघडते, आणि नंतर शेरा मारला जातो की नर्सिंगचे विद्यार्थी बुजरे असतात. दोष त्यांचा नाही, केसचा आहे.

केस लिहून झाली की तिला एक कसोटी लावा. गटातला कुठलाही एक व्यवसाय काढून टाकला तर निर्णय चुकायला हवा. तो चुकत नसेल, तर त्या व्यवसायाला तुम्ही नुसतं प्रेक्षक म्हणून बोलावलं आहे.

उदाहरण घ्या. बहात्तर वर्षांच्या बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया होऊन आज पाचवा दिवस. प्रश्न एकच: उद्या घरी सोडायचं का? मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या कागदावर लिहिलेलं आहे की जखम कोरडी आहे, ताप नाही, हिमोग्लोबिन ठीक आहे आणि वॉर्डात खाटा कमी पडताहेत. नर्सिंगच्या कागदावर आहे की सलग दोन रात्री बाथरूमला उठताना त्यांना चक्कर आली आणि जेवणाचं ताट अर्धं परत जातं. फार्मसीच्या कागदावर औषधांची यादी: रक्तदाबाची एक गोळी इथे वाढवली, झोपेची गोळी नव्याने सुरू झाली, घरची जुनी औषधंही तशीच चालू. फिजिओथेरपीच्या कागदावर: वॉकर धरून सपाट जमिनीवर चालतात, जिना जमत नाही. समाजसेवकाच्या कागदावर: एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

मेडिकलच्या कागदावरून पाहिलं तर बाई घरी जायला तयार आहेत. पाचही कागद एकत्र आले की दिसतं, घरी पाठवलं तर त्या पुन्हा पडण्याची शक्यता मोठी आहे, आणि चक्करीचं कारण बहुधा आपणच दिलेल्या गोळ्यांमध्ये आहे. इथे कुणालाही मुद्दाम बोलतं करावं लागत नाही, कारण प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं जे इतरांना हवं आहे.

एवढं करूनही चर्चा फसू शकते. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली एका प्रयोगातून दाखवलं होतं की गटातल्या सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या माहितीवरच चर्चा फिरत राहते आणि एखाद्याकडेच असलेली माहिती पुष्कळदा बाहेरच येत नाही. वॉर्डातल्या राऊंडमध्ये नेमकं हेच होतं. उपाय साधा आहे. पहिली पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने स्वतःकडची अशी माहिती लिहायची जी इतरांकडे नसेल. मग एकेकाने वाचून दाखवायची, आणि सर्वांचं वाचून होईपर्यंत ‘सोडायचं की नाही’ हा शब्दही काढायचा नाही. मत आधी आणि माहिती नंतर असा क्रम पडला की लोक माहिती ऐकत नाहीत, आपल्या मताची राखण करतात.

आणखी एक सापळा म्हणजे उद्धट डॉक्टर आणि सोसणारी नर्स अशी नाटकी केस. ती लिहायला सोपी असते आणि वर्गात रंगतेही, पण तिच्यातून मेडिकलचे विद्यार्थी बचावाच्या पवित्र्यात जातात आणि बाकीचे जुनी उणीदुणी काढतात. खऱ्या कामात सहकार्य तुटतं ते बहुतेक वेळा घाईमुळे, अर्धवट निरोपामुळे, आणि ‘हे दुसरं कुणीतरी बघत असेल’ या गृहीतामुळे. केस त्याच्यावर लिहा.

उतरंड दाराबाहेर राहील असं मानणं

‘इथे सगळे समान आहेत’ असं सुरुवातीला जाहीर करून समानता येत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं की वेगवेगळ्या गटांतले पूर्वग्रह नुसत्या भेटीने कमी होत नाहीत. त्यासाठी त्या भेटीपुरता तरी समान दर्जा लागतो, समान उद्दिष्ट लागतं, ते गाठायला परस्परांची गरज लागते आणि वरिष्ठ संस्थेचा उघड पाठिंबा लागतो. आंतरव्यावसायिक शिक्षणाची पुष्कळशी मांडणी या चार अटींवर उभी आहे. अटी पाळल्या नाहीत तर एकत्र येण्याने आधीचे समज घट्टही होतात. अंतिम वर्षाचे मेडिकलचे विद्यार्थी आणि पहिल्या वर्षाचे नर्सिंगचे विद्यार्थी एका गटात घातले, तर ‘नर्सना फारसं माहीत नसतं’ हाच धडा मिळणार, आणि तो तुम्ही दिलेला असेल.

म्हणून गट करताना वर्षापेक्षा प्रत्यक्ष अनुभव बघा. प्रत्येकाने आपल्या व्यवसायाचं काम काही काळ तरी केलेलं असावं. स्वतःचंच काम अजून ज्याला कळलेलं नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? सहा-सात जणांच्या गटात कुठल्याही एका व्यवसायाचं बहुमत नको. एखाद्या शाखेचे विद्यार्थी मोजकेच असतील, तर प्रत्येक गटात एकेक टाकण्याचा मोह आवरा. काही गटांत दोघे-दोघे द्या आणि बाकीचे गट त्यांच्याविना चालवा. एकटा पडलेला विद्यार्थी आपल्या अख्ख्या व्यवसायाचा प्रवक्ता होऊन बसतो, आणि ते ओझं विसाव्या वर्षी पेलत नाही.

दर्जा कशाकशातून झिरपतो हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. एकाला ‘डॉक्टर’ आणि दुसरीला नुसतं ‘सिस्टर’ म्हणणं, गटप्रमुख म्हणून आपोआप मेडिकलचा विद्यार्थी निवडला जाणं, सत्राची जागा नेहमी मेडिकल कॉलेजातच असणं, वेळापत्रक एका शाखेच्या सोयीने ठरणं आणि बाकीच्यांनी ते सांभाळून घेणं. यातलं प्रत्येक कारण तुमच्या हातातलं आहे. सर्वांना नावाने हाक मारा, गटप्रमुखपद फिरतं ठेवा, जागा बदलत राहा.

हे नुसतं सौजन्याचं प्रकरण नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची सार्वजनिक चौकशी इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तिचा अहवाल 2001 मध्ये आला. 1991 ते 1995 या काळात तिथे एक वर्षाखालची 30 ते 35 बाळं, इतर केंद्रांच्या तुलनेत, जास्त दगावली असा त्याचा निष्कर्ष होता. स्टीफन बॉल्सिन या भूलतज्ज्ञाने धोक्याची सूचना आधीच दिलेली होती. माहिती होती, माणसं अनुभवी होती. पण एकाचं ऐकून दुसऱ्याने थांबावं अशी व्यवस्था नव्हती. जे पुढे एकत्र काम करणार आहेत त्यांना एकत्र शिकण्याची संधी द्या, अशी त्या अहवालाची शिफारस होती.

सत्र कोण घेतं याकडे दुर्लक्ष करणं

मेडिकलचे एक प्राध्यापक सत्र घेतात आणि व्यवसायांमधल्या समानतेबद्दल बोलतात, तेव्हा विद्यार्थी शब्दांपेक्षा ते दृश्य लक्षात ठेवतात. सत्र दोन वेगवेगळ्या व्यवसायांच्या शिक्षकांनी मिळून घ्यावं, आणि दोघांनी खरोखर अर्धं-अर्धं घ्यावं. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने कागद वाटायचे, असं नको. त्या दोघांत एखाद्या मुद्द्यावर मतभेद झाला तर तो विद्यार्थ्यांसमोरच शांतपणे मिटवावा. दोन शिक्षक एकमेकांशी असहमत होऊनही आदराने बोलतात हे पाहणं, हा त्या दिवसाचा सर्वांत उपयोगी भाग ठरू शकतो.

विषयाचा उत्तम तज्ज्ञ हा चांगला सत्रसंचालक असतोच असं नाही. तज्ज्ञाला उत्तर देण्याची सवय असते, आणि इथे काम आहे उत्तर रोखून धरण्याचं. विशेषतः सिम्युलेशननंतरच्या चर्चेत हे जाणवतं. बनावट रुग्णावर दहा मिनिटं धावपळ झाली की लगेच ‘अॅड्रेनालिनचा डोस उशिरा दिला’ असं सांगून विषय संपवला जातो. उशीर का झाला, डोस कुणी सांगितला, कुणी ऐकला, ‘दिला’ असं मोठ्याने कुणी म्हटलं का, हे विचारायचं राहून जातं. चर्चेला प्रत्यक्ष सिम्युलेशनपेक्षा जास्त वेळ ठेवा, दुप्पट ठेवलात तरी वाया जाणार नाही.

वाद पेटला तर? बहुतेक जण घाबरून विषय बदलतात. ‘तुम्ही लोक रात्री फोनच उचलत नाही’ असं कुणी म्हटलं की तो विषय दाबू नका, त्याला प्रसंगावर आणा. कोणती रात्र, काय सांगायचं होतं, फोन लागला नाही तेव्हा पुढे काय केलं? मग दुसऱ्या बाजूला विचारा की त्या वेळी तुमच्याकडे काय चाललेलं असतं. अख्ख्या व्यवसायावरचा आरोप एका प्रसंगापर्यंत आणला की त्यावर काहीतरी करता येतं.

साधन शिकवणं आणि सवय विसरणं

एसबीएआर ही पद्धत आता अनेक ठिकाणी शिकवतात. निरोप चार भागांत द्यायचा: आत्ताची परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी शिफारस. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधली ही रीत कायझर पर्मनंटे या तिथल्या आरोग्यसेवा संस्थेमार्फत रुग्णालयांत आली. पद्धत चांगली आहे, पण ती शिकवण्यात दोन गफलती होतात. पहिली, ती फक्त नर्सना शिकवतात. फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डॉक्टरला ही पद्धत ठाऊक नसेल, तर तो दुसऱ्याच वाक्याला ‘मुद्द्यावर या’ म्हणतो आणि सगळं तिथेच कोसळतं. बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याला शिकवावं लागतं. दुसरी गफलत म्हणजे चौथा भाग गाळला जातो. ‘रक्तदाब 80 वर आलाय, काय करू?’ असं विचारणं सुरक्षित वाटतं. ‘तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघावं असं मला वाटतं’ हे म्हणायला धीर लागतो. सरावाच्या वेळी शिफारशीचं वाक्य आल्याशिवाय निरोप पूर्ण झाला असं मानूच नका.

अमेरिकेत 2006 मध्ये आलेल्या टीमस्टेप्स या अभ्यासक्रमात धोका दिसल्यावर बोलण्याची पायरीपायरीची भाषा दिली आहे: मला काळजी वाटते, मला हे बरोबर वाटत नाही, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ती आपल्या बोलण्यात उतरवून घ्या आणि मोठ्याने म्हणून घ्या. कागदावर वाचलेलं वाक्य पहाटे तीन वाजता तोंडातून निघत नाही.

साधन आणि सवय यांतलं अंतर शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टने ठळक दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 19 मुद्द्यांच्या चेकलिस्टचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं होतं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात चेकलिस्ट सगळीकडे लागू झाली, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 101 रुग्णालयांच्या अभ्यासात मृत्यूदरात ठोस फरक आढळला नाही. या तफावतीवर अनेकांनी लिहिलं आहे. माझ्या मते कारण उघड आहे. त्या यादीतला एक मुद्दा म्हणतो की चिरा देण्याआधी सर्वांनी आपलं नाव आणि भूमिका सांगावी. खूण करायला एक सेकंद पुरतो. खरोखर नावं सांगून, एकमेकांकडे बघून सुरुवात करायला अर्धं मिनिट लागतं, आणि सगळा गुण त्या अर्ध्या मिनिटात आहे.

वेळापत्रक आणि गुण

इथे फार बोलण्यासारखं नाही, पण कार्यक्रम बंद पडतात ते बहुधा इथेच. सत्र ऐच्छिक ठेवलं आणि त्याला गुण नसले, तर परीक्षेच्या आधीच्या महिन्यात कुणी येणार नाही. एका शाखेला गुण आणि दुसरीला नुसती हजेरी असेल, तर एक शाखा अभ्यास करून येईल आणि दुसरी भिंतीला टेकून बसेल. वर्ष सुरू होण्याआधी सर्व शाखांच्या प्रमुखांनी एकत्र बसून तारखा पक्क्या कराव्यात. नंतर जागा शोधायला गेलात तर शनिवारची दुपारच मिळते. आणि हे सगळं एका उत्साही शिक्षकाच्या खांद्यावर टाकू नका. त्याची बदली झाली की कार्यक्रमही जातो.

खूश चेहरे मोजणं

‘सत्र आवडलं का?’ या प्रश्नाला जवळपास सगळे ‘हो’ म्हणतात. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विद्यार्थी एकत्र शिकायला किती तयार आहेत हे मोजणारी ‘रिपल्स’ नावाची 19 प्रश्नांची प्रश्नावली 1999 पासून वापरात आहे, पण विद्यार्थी मुळातच इतके अनुकूल उत्तर देतात की सत्रानंतर गुण वाढायला फारशी जागा उरत नाही. मग आलेख सपाट दिसतो आणि आयोजक हिरमुसतात.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या ह्यू बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्षेत्रासाठी सहा केल्या: प्रतिक्रिया, दृष्टिकोन, ज्ञान व कौशल्य, वागणूक, संस्थेच्या कामकाजातला बदल आणि रुग्णाचा फायदा. बहुतेक कार्यक्रम पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर थांबतात. आरोग्यविषयक संशोधनाची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात निकषांना उतरणारे 15 अभ्यास सापडले. त्यांतल्या 7 मध्ये चांगले परिणाम दिसले, 4 मध्ये संमिश्र, आणि 4 मध्ये काहीच नाही. हे आकडे वाचून कुणी हा विषयच सोडून देऊ नये. पण ‘एकत्र बसवलं की फायदा होतोच’ असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावेत.

तुमच्याकडे संशोधनाचा निधी नसला तरी वागणूक मोजता येते. सत्रानंतर तीन महिन्यांनी वॉर्डात जाऊन एखादा राऊंड बघा. नर्स राऊंडला हजर होती का, ती किती वेळा बोलली, फार्मासिस्टने सुचवलेल्या बदलांपैकी किती अमलात आले, डिस्चार्जच्या कागदावर फिजिओथेरपिस्टची नोंद होती का? एक पान आणि एक पेन पुरतं.

वर्गात शिकवून वॉर्डात सोडून देणं

विद्यार्थी वर्गात समानतेने बोलायला शिकतो. मग वॉर्डात पाहतो की सिनियर डॉक्टर नर्सला न विचारता पुढे जातात आणि नर्सची नोंदवही कुणी उघडत नाही. दोन आठवड्यांत तोही तसाच वागू लागतो. वॉर्ड हाच खरा शिक्षक असतो. ज्या वॉर्डात मिळून काम होत नाही, तिथे पाठवण्याआधी त्या वॉर्डातल्या सिनियर मंडळींसाठी सत्र घ्यावं लागतं. हे अवघड काम आहे आणि म्हणूनच टाळलं जातं.

स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने 1986 मध्ये आरोग्यशाखांचं संयुक्त शिक्षण सुरू केलं आणि दहा वर्षांनी, 1996 मध्ये, एक प्रशिक्षण-वॉर्डच उभारला. तिथे वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी देखरेखीखाली मिळून खऱ्या रुग्णांची जबाबदारी घेतात. ही कल्पना नंतर इतर देशांतही गेली. अख्खा वॉर्ड शक्य नसेल तर चार खाटांचा एक कोपरा घ्या, किंवा आठवड्यातून एका सकाळचा संयुक्त राऊंड. तेही जमत नसेल तर प्रत्येक विद्यार्थ्याला अर्धा दिवस दुसऱ्या व्यवसायाच्या माणसामागे फिरायला पाठवा आणि परतल्यावर एकच प्रश्न विचारा: त्यांच्या कामात तुझ्यामुळे कुठे खोळंबा होतो?

रुग्णाला वगळणं

सगळे व्यवसाय बोलावले जातात, ज्याच्यासाठी हे चाललं आहे तो मात्र नसतो. बोलावलाच तर त्याची कहाणी ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि चर्चेआधी त्याला निरोप देतात. त्याला चर्चेतही बसवा. त्याची तयारी असेल, जे सांगायचं नाही ते न सांगण्याची मोकळीक असेल, आणि त्याच्यावर उपचार करणारे त्या खोलीत नसतील, एवढं पाहा. मग त्याला विचारा, एकाच गोष्टीबद्दल दोघांनी तुम्हाला वेगवेगळं सांगितलं असं कधी झालं? एकच माहिती पुन्हा पुन्हा कुणाकुणाला द्यावी लागली? कुणाला विचारावं हे कळलं नाही म्हणून काय विचारायचं राहून गेलं? उत्तरं शब्दशः लिहून घ्या आणि पुढच्या सत्राची केस त्यातूनच बांधा.